तुम्ही विचारलंत म्हणून: अमेझिंग का सोडलं

“स्पायडरमॅनचं एवढं वेड, आणि अमेझिंगच घेत नाही?” ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ या त्याच्या मुख्य कॉमिक मालिकेबद्दल हे मला ऑफिसात विचारतात, कॉमिक कॉनच्या रांगेत विचारतात, भाचीच्या मैत्रिणी घरी आल्या की कपाटावरची खोकी बघून विचारतात. मी काहीतरी तुटक बोलतो. मग समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, “अच्छा, त्या लग्नामुळे.” पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि त्याची बायको मेरी जेन यांचं लग्न मोडलं म्हणून नाही. पुढे ती ज्याच्याबरोबर दिसली त्या पॉलमुळेही नाही. एकदा सगळं सांगून टाकतो.

लग्न मोडलं याचा राग होता, नाही म्हणत नाही. 2008 साली मी भेटेल त्याच्याशी यावरून भांडायचो. ते मोडणाऱ्या ‘वन मोअर डे’ या कथेचे चार अंक 2007 च्या शेवटच्या महिन्यांत आले. त्याआधीच्या ‘सिव्हिल वॉर’ कथेत पीटरनं जगासमोर मुखवटा काढला होता. त्यातून त्याच्यासाठी आलेली गोळी आंट मेला, त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या काकूला, लागली. ती हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय, कुणाच्या हातात काही राहिलेलं नाही, आणि मेफिस्टो नावाचा सैतान सौदा मांडतो: तिचा जीव वाचवतो, तुमचं लग्न मला द्या. पीटर आणि मेरी जेन ते देतात. 1987 साली झालेलं लग्न एका रात्रीत कधी झालंच नव्हतं असं होऊन जातं. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांना हा शेवट इतका खटकला होता की शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढावं अशी त्यांची इच्छा होती. चित्रं काढणारे जो केसाडा तेव्हा मार्व्हलचे मुख्य संपादक. लग्न झालेला पीटर वयस्कर वाटतो आणि घटस्फोट दिला तर आणखी वयस्कर वाटेल, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा माझं एक वाक्य ठरलेलं होतं: “पीटर असं कधीच करणार नाही.” ते वाक्य मी आज मागे घेतो. पीटर असं करेल. मी केलंय.

आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे मला वाढवलं आत्यानं. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुने अंक आणायला पैसे तीच द्यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी अंक मांडीवर घेऊन मराठीत सांगायचो आणि ती भाजी निवडता निवडता ऐकायची. मारामाऱ्यांमध्ये तिला रस नव्हता. नवा अंक दिसला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “ती म्हातारी बरी आहे ना?”

अमेझिंगचा 400 वा अंक 1995 चा, मला मिळाला तो वर्षभरानं. राखाडी मुखपृष्ठ, उठावाचं, समाधीच्या दगडासारखं. आत्यानं त्यावरून बोट फिरवून पाहिलं होतं. त्यात आंट मे मरते. लेखन जे. एम. डीमॅटिस यांचं, चित्रं मार्क बॅग्ली यांची. मरण्याआधी ती पीटरसोबत एम्पायर स्टेट बिल्डिंगवर जाते आणि सांगते की तू स्पायडरमॅन आहेस हे मला कधीपासून ठाऊक आहे, आणि मला तुझा अभिमान आहे. मग घरी, स्वतःच्या बिछान्यात, पीटर उशाशी असताना ती जाते. सांगताना माझा आवाज गेला. आत्यानं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “असंच जायला हवं,” ती म्हणाली. “घरात, आपल्या माणसांत. मला नाही हं त्या नळ्या-बिळ्या लावायच्या. सांगून ठेवते.”

पुढे 1998 मध्ये मार्व्हलनं ठरवलं की मेली ती आंट मे नव्हतीच, तिची जागा घेतलेली एक नटी होती. आत्याला मी हे कधी सांगितलं नाही.

2007 च्या नोव्हेंबरात आत्याला न्यूमोनिया झाला. चौऱ्याहत्तर वर्षांची होती. चौथ्या दिवशी रात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “ऑक्सिजन टिकत नाहीये. व्हेंटिलेटरवर घ्यायचं का ते आत्ता सांगा, वेळ नाही.” बाबा बाकावर डोकं धरून बसले होते. फॉर्म माझ्या हातात आला. मला तिचं वाक्य आठवत नव्हतं असं नाही. मेथीच्या जुडीसकट आठवत होतं. मी सही केली.

ती अकरा दिवस त्यावर होती. नळी ओढून काढेल म्हणून तिचा उजवा हात पलंगाच्या दांडीला गॉजच्या पट्टीनं बांधला होता. पाटल्या काढून मला एका कागदी पाकिटात दिल्या होत्या आणि मनगटावर त्यांच्या जागी पांढरं वळ दिसत होतं. सहाव्या की सातव्या दिवशी ती शुद्धीत होती. मी भेटीच्या वेळेत आत गेलो. तिनं आधी त्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नखानं दांडीवर वाजवलं. हळू, थांबून थांबून. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. मी मॉनिटरकडे बघत राहिलो. आकडे चांगले होते. “आत्या, आकडे चांगले आहेत,” असं म्हणालो. तिनं वाजवणं थांबवलं. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. आम्ही कुणीच जवळ नव्हतो.

जानेवारीत न्यू जर्सीहून मित्र आला. त्यानं ते चार अंक आणले होते. मी एका रात्रीत वाचले. पहिले तीन अंक मी पीटरवर चिडलो नाही, एका ओळीवरही नाही. टोनी स्टार्ककडे पैसे माग, डॉक्टर स्ट्रेंजच्या दारात जा, ज्याच्या-त्याच्या पाया पड: मला त्याची प्रत्येक धावपळ ओळखीची होती. सौद्यासाठी होकार आधी मेरी जेन देते, तिथंही मी थांबलो नाही. मेफिस्टोनं त्यांना सांगितलेलं असतं की तुम्हाला काही आठवणार नाही, फक्त आत्म्याचा एक इवलासा कोपरा आठवत राहील, आणि त्या कोपऱ्याचा आक्रोश ऐकण्यातच माझं सुख आहे. बारा वाजतात. पान उलटलं की सकाळ. पीटर आंट मेच्या घरात जागा होतो. आंट मे ठणठणीत. हॅरी ऑस्बॉर्न, जो मेला होता, तोही जिवंत. पार्टी, पेले, नवा दिवस.

मी अंक भिंतीवर फेकला. तेव्हा कारण विचारलं असतंत तर “लग्न” म्हणालो असतो. सौदा मला समजतो. विसरणं मी माफ करू शकत नाही. पीटर पार्कर या माणसाचा सगळा पायाच एका रात्रीच्या आठवणीवर उभा आहे: चोराला जाऊ दिलं आणि त्याच चोरानं त्याच्या काकाला, अंकल बेनला, मारलं. त्या आठवणीशिवाय तो नुसता भिंतीवर चढणारा मुलगा आहे. त्याच माणसाला तुम्ही आयुष्यातली सर्वांत मोठी चूक करायला लावता आणि सकाळी पुसून टाकता? तो इवलासा कोपरा तुम्हीच लिहिलात. मग त्याचा आवाज कुठे आहे? मी पुढची दहा वर्षं अमेझिंग विकत घेतलं नाही.

“कॉमिकमध्ये मेलेलं कोण मेलेलं राहतं?” हे मला शिकवू नका, मी तुमच्या आधीपासून वाचतोय. परत येण्याला माझा विरोध नाही. 2019 मध्ये ‘हाऊस ऑफ एक्स’मध्ये जोनाथन हिकमन यांनी हीच गोष्ट उघड्यावर आणली: क्राकोआ बेटावर पाच म्युटंट, म्हणजे जन्मतः शक्ती असलेली माणसं, मिळून मेलेल्यांची शरीरं पुन्हा घडवतात, त्यांची मनं जपून ठेवलेली असतात, आणि परत आलेल्यांना त्यांच्यातलीच स्टॉर्म सगळ्या गर्दीसमोर उभं करते. मरण स्वस्त झालंय हे त्या कथेला माहीत होतं आणि ती त्यावरच बोलत होती.

2018 मध्ये अमेझिंगचे नवे लेखक म्हणून निक स्पेन्सर आले आणि पहिल्याच अंकात पीटर-मेरी जेन पुन्हा एकत्र आले. किन्ड्रेड नावाचा खलनायक पीटरला सारखा सांगत होता की तू काहीतरी भयंकर केलंयस, आणि पीटरला ते आठवत नव्हतं. मला वाटलं, आला, तो कोपऱ्यातला आवाज आला. तीन वर्षं एकही अंक चुकवला नाही. मेफिस्टो दिसलासुद्धा. आणि 2021 मध्ये 74 व्या अंकात ते सगळं संपलं तेव्हाही पीटरला त्या रात्रीबद्दल काही कळलेलं नव्हतं.

मग 2022, नवे लेखक झेब वेल्स. पहिल्याच अंकात सगळे पीटरवर रागावलेले, मेरी जेन पॉलबरोबर, पदरी दोन मुलं, आणि का ते आम्हाला वर्षभर सांगायचं नाही. कळलं तेव्हा ती मुलंही खरी नव्हती, नाहीशी झाली. आणि 2023 च्या 26 व्या अंकात कमला खानला मारलं. मिस मार्व्हल, जर्सी सिटीची पोर, जिचं या मालिकेत फारसं कामही नव्हतं, ती मेरी जेनच्या रूपात मरते. दोन महिन्यांत एक्स-मेनच्या अंकात परत जिवंत. ज्या मुलींनी तिच्यात स्वतःला पाहिलं होतं त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं. माझी भाची त्यातली एक. त्या महिन्यात मी दुकानदाराला सांगितलं की माझा अमेझिंग बाजूला ठेवू नका.

हे एवढंच असतं तर म्हातारा चाहता कुरकुरतोय म्हणून तुम्ही सोडून दिलं असतं. पण 2024 च्या जानेवारीपासून हिकमन आणि मार्को केकेत्तो यांचा ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ आला आणि मी पुन्हा दर महिन्याला दुकानात जायला लागलो. इथं पीटर लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि शक्ती त्याला आता मिळतात. दोन अंकांमध्ये महिना जातो तसा कथेतही महिना उलटतो. लोक म्हणाले, बघ, तुला तुझं लग्न मिळालं. मी पहिला अंक वाचताना लग्नाकडे पाहतच नव्हतो. इथं अंकल बेन जिवंत आहे आणि आंट मे गेलेली आहे. कुणी तिला परत आणण्याचा सौदा करत नाही. बेन तिच्याशिवाय सकाळी उठतो, वर्तमानपत्रातला सहकारी जेमसन याच्याबरोबर नोकरी सोडतो, नवं वर्तमानपत्र काढायला बसतो. पीटरच्या मुलीचं नाव मे आहे. पानभर कुणी रडत नाही, पण प्रत्येक खोलीत ती नसल्याचं कळतं. असं मला अमेझिंगमध्ये हवं होतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, आत्याचं धरून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामा, तुला पीटरला आठवायला हवंय, कारण तुला विसरता येत नाही. त्याला शिक्षा हवीय तुला.” मी तिच्याशी तासभर वाद घातला. पात्राचा प्रामाणिकपणा, कथेचं कर्ज, वाचकाशी केलेला करार, सगळं काढलं. ती म्हणते ते खोटं आहे असं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही. आणि माझं म्हणणं चूक आहे असंही मला वाटत नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये अमेझिंग पुन्हा 1 पासून सुरू झालं, लेखक जो केली. मी घेतलं नाही. भाची घेते. मागच्या रविवारी ती आतल्या खोलीत नवा अंक वाचत पडली होती. मी चहा द्यायला गेलो आणि दारातच थांबून विचारलं, “म्हातारी बरी आहे ना?”

तिनं मान वर न करता सांगितलं, “बरी आहे.”