पाच लिटरचा आठवडा: ऑगस्ट २०२२ मधली श्रीलंका

ऑगस्ट २०२२ मध्ये श्रीलंकेला जावं का, असं विचारणाऱ्यांना मी आधीच सांगायचो: जरूर जा, पण गाडी ठरवून आठवड्याभरात आख्खं बेट पालथं घालायचा बेत इथेच सोडून जा. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एला, तिथून दक्षिणेचा किनारा आणि परत कोलंबो ही ट्रॅव्हलवाल्यांची ठरलेली फेरी इंधन भरपूर असतानाची आहे. आम्ही दोघं ऑगस्टमध्ये रेल्वे आणि बसच्या भरवशावर फिरलो. ठिकाणं कमी झाली, पण कुठेही अडकून पडलो नाही.

मागची कहाणी तेव्हा पेपरात आलीच होती. एप्रिलमध्ये देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली, तेल आणायला डॉलर उरले नाहीत. जूनअखेरीस अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना पेट्रोल-डिझेल विकणंच थांबवलं. जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देशाबाहेर पळाले. प्रवाशाच्या कामाची गोष्ट त्यानंतरची, ती म्हणजे ‘नॅशनल फ्युएल पास’. प्रत्येक वाहनाला एक क्यूआर कोड. पंपावरचा माणूस तो मोबाइलवर स्कॅन करायचा आणि किती कोटा शिल्लक आहे ते बघूनच नळी हातात घ्यायचा. आठवड्याला मोटारीला २० लिटर, मोटारसायकलला ४ आणि रिक्षाला ५ लिटर मिळायचं.

हा पाचाचा आकडा डोक्यात ठेवावा लागायचा, कारण सगळा प्रवास त्याच्याशी बांधलेला होता. रिक्षा लिटरला २५ किलोमीटर चालते असं धरलं, तर आठवड्याचे झाले सव्वाशे. दांबुल्लाहून सिगिरियाला जाऊन यायचं म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर. म्हणजे तुमच्या एका सकाळीत रिक्षावाल्याच्या आठवड्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा खलास. मग तो भाड्याचा जो आकडा सांगायचा तो ऐकून ‘परदेशी बघून लुटतोय’ असं म्हणण्यात अर्थ नव्हता. तो उरलेल्या दिवसांची कमाईही त्यात धरायचा. आपल्या सवयीने निम्म्यावरून घासाघीस सुरू करणं बरोबर नव्हतं. त्याऐवजी भाव विचारायच्या आधी कोटा किती उरलाय ते विचारायचं, आणि शक्य तिथे बसने जाऊन शेवटच्या टप्प्यालाच रिक्षा घ्यायची. दांबुल्लाहून सिगिरियाला बस आहे. गर्दी असते, पण पोचवते.

एक गंमत म्हणजे पंपावरची किंमत आपल्याला महाग वाटायचीच नाही. तेव्हा पेट्रोल ४५० श्रीलंकन रुपये लिटर होतं, म्हणजे आपले साधारण शंभर. मुंबईकराने खांदे उडवले असते. पण डिसेंबर २०२१ मध्ये तिथे हेच पेट्रोल १७७ रुपयांना होतं, आणि पगार काही तसे वाढलेले नव्हते. त्यामुळे ‘आमच्याकडेही शंभरच आहे’ हे वाक्य तिथे उच्चारण्यासारखं नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या रॉकेलच्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही हॉटेलांत ‘बाटलीतलं’ पेट्रोल मिळवून देतो म्हणायचे. ते घेण्यात शहाणपण नव्हतं. भाव अव्वाच्या सव्वा असायचा, त्यात रॉकेल मिसळलेलं नाही याची खात्री कुणी देत नसे, आणि ते घराघरांत कॅनमध्ये साठवून ठेवलेलं असायचं. कुठे ठिणगी पडेल सांगता येत नव्हतं.

रेल्वे हा खरा आधार. इंजिनं डिझेलचीच, पण गाड्या धावत होत्या. मोटारी घरी ठेवलेले स्थानिकही त्यांतच असायचे, त्यामुळे जागेची मारामारी. एलाला जायचं तर आरक्षण आधी करा. गाडी कोलंबोहूनच भरून येते. कँडीला चढून खिडकी मिळेल ही आशा धरू नका, सहा-सात तास उभं राहावं लागेल. कोलंबो फोर्टहून गॉलला जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. बसचा प्रवास अंधार पडायच्या आत संपवावा लागायचा, कारण संध्याकाळनंतर फेऱ्या विरळ व्हायच्या आणि स्टँडवर रिक्षाही कमी असायच्या.

मुक्कामाची जागा निवडताना मी आधी स्टेशनपासून चालत किती ते बघायचो, नाश्ता वगैरे नंतर. बॅगा पाठीवरच्या असू द्या. वीज वेळापत्रकाप्रमाणे जायची. भागांना इंग्रजी अक्षरांचे गट दिले होते, आपल्या हॉटेलचं अक्षर विचारून ठेवलं की मोबाइल कधी चार्ज करायचा ते कळायचं. लहान खाणावळींत गॅसची चणचण होती, काही ठिकाणी चुलीवर रांधायचे. तयार भात-करी मागितली की लगेच मिळायची. खास काही करायला सांगितलं तर वाट बघत बसायचं.

परतीच्या दिवशी मात्र जुगार नको. विमानतळ कोलंबो शहरात नाही, कटुनायकेला आहे, आणि पहाटेचं विमान असेल तर त्या वेळी गाडी मिळणं अवघड होतं. शेवटची रात्र जवळच्या नेगोंबोला काढायची आणि गाडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, म्हणजे तो तेवढं पेट्रोल राखून ठेवायचा. थोडे पैसे आगाऊ दिले तर उत्तमच.