एक सप्टेंबर

ऑगस्ट सरत आला की मला स्वप्नात एक्सेलची शीट दिसते. नवरा म्हणतो, इतकं टेन्शन तू बारावीलाही घेतलं नसशील. पण बारावीला पेपर गेला तरी ऑक्टोबरात परत बसता यायचं. इथे ती सोय नाही.

मी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, एल्को नावाच्या गावात, सोनं शोधणाऱ्या एका छोट्या कंपनीची कागदपत्रं सांभाळते. आमच्याकडे १३८ क्लेम आहेत. क्लेम म्हणजे सरकारी जमिनीच्या तुकड्यावर ‘इथलं खनिज आमचं’ असा लावलेला हक्क. जमीन सरकारचीच राहते. तिथे गाई चरतात, शिकारी फिरतात, कुणी तंबू ठोकून राहतं. खडकात सापडणाऱ्या खनिजाचा क्लेम जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद, म्हणजे साधारण २०.६६ एकर. प्रत्येक क्लेमचे वर्षाला २०० डॉलर, १ सप्टेंबरच्या आत. आमचे झाले २७,६००. हे पैसे ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’कडे जातात. इथे सगळे नुसतं बीएलएम म्हणतात. नेवाडाची ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारची असल्यामुळे आमच्याकडे बीएलएम म्हणजे तलाठी, तहसीलदार आणि कलेक्टर एकाच ऑफिसात.

मूळची मी तुमसरची. बाबा मँगनीजच्या खाणीत टाइमकीपर होते. नोकरी लागल्यावर फोनवर त्यांना हे सगळं समजावून सांगत होते, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “अन् रॉयल्टी किती देता?”

“काहीच नाही बाबा.”

“काहीच नाही म्हणजे? टनामागं किती?”

“टनामागे शून्य. सोनं निघालं तर कंपनीचं.”

फोन कट झाला की काय असं वाटण्याइतकी शांतता. मग म्हणाले, “आपल्याकडं वैनगंगेतून एक ब्रास रेती न्यायची तर पावती लागते.”

खरंच आहे. भंडाऱ्याकडे रेतीचा ट्रक अडवला की ड्रायव्हरला पहिला प्रश्न हाच असतो, रॉयल्टी आहे का? तिथे रॉयल्टी म्हणजे तो कागदाचा तुकडाच. आणि इथे सोनं, चांदी, तांबं केंद्र सरकारच्या जमिनीतून काढलं तर केंद्राला त्यातला वाटा शून्य. नेवाडा राज्य खाणींवर आपला कर लावतं, तो वेगळा. तेल आणि कोळसा काढणारेही रॉयल्टी भरतात, कारण त्यांना १९२० चा निराळा कायदा लागू आहे. सोन्याला मात्र अजून १८७२ चाच. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १० मे १८७२ ला सही केली तेव्हा सरकारला ओसाड पश्चिमेत माणसं हवी होती, म्हणून या, खणा आणि घ्या, असं सांगितलं. क्लेमवर वर्षाला १०० डॉलरचं काम करा, एवढीच अट. शंभर डॉलर ही तेव्हा मोठी रक्कम होती.

कामाऐवजी रोख फी १९९३ पासून आली, तीही शंभरच. आता महागाईचा हिशेब करून दर पाच वर्षांनी ती वाढवतात. २०१९ मध्ये १६५ झाली, २०२४ मध्ये २००. नवा क्लेम लावायचा तर ही २००, नोंदणीचे ४९ आणि कागदपत्रांचे २५, असे २७४ डॉलर होतात. काउंटीच्या ऑफिसचे पैसे वेगळे. दहा किंवा त्याहून कमी क्लेम असलेल्याला फी माफ होऊ शकते, पण मग त्याने जुन्या पद्धतीने काम करून दाखवायचं, क्लेममागे १०० डॉलरचं. हा आकडा १८७२ पासून जागचा हललेला नाही! आमच्या गल्लीतला एक म्हातारा दर उन्हाळ्यात फावडं घेऊन जातो, दोन दिवस चर खणतो आणि ‘सरकारचे शंभर फेडले’ म्हणून बिअर पितो.

पूर्वी तर जमीनसुद्धा कायमची विकत मिळायची, एकरी पाच डॉलरला. १९९४ मध्ये एल्कोजवळच्या गोल्डस्ट्राइक खाणीची १,९४९ एकर जमीन अमेरिकन बॅरिक कंपनीला ९,७६५ डॉलरला द्यावी लागली. तिच्या पोटात अंदाजे दहा अब्ज डॉलरचं सोनं होतं. केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या ‘इंटिरियर’ खात्याचे तेव्हाचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी जाहीर आदळआपट केली, पण कायदाच तसा, सही करावीच लागली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अशा विक्रीचे नवे अर्ज घेणं बंद झालं.

म्हणजे सोन्याच्या बाबतीत एवढं दिलदार असलेलं हे सरकार तारखेच्या बाबतीत मात्र सावकार आहे. नेवाडातल्याच ईली गावाजवळचं लॉक कुटुंब कित्येक वर्षं आपल्या दहा क्लेमवरून वाळू-खडी काढत होतं. १९८० साली वार्षिक कागद भरायचा तो ‘३१ डिसेंबरच्या आधी’. त्यांनी ३१ डिसेंबरलाच नेऊन दिला. स्थानिक ऑफिसात विचारलं तेव्हा ३१ ला चालेल असं सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं, आधी म्हणजे आधी. बीएलएमने दहाही क्लेम रद्द धरले होते. परत लावायचीही सोय नव्हती, कारण साध्या वाळू-खडीवर क्लेम लावणं १९५५ सालीच बंद झालं होतं.

हे प्रकरण मला पाठ होतं. नव्या पोरांना मीच सांगायचे, जरा ऐटीत. आणि फी १६५ होती तेव्हाच्या एका वर्षी एक्सेलमध्ये फिल्टर लावलेला राहिला आणि एक ओळ दडली. एकच. यादी गेली, पैसे गेले, पावती आली, मी मस्तपैकी पुरणपोळी केली. पुढे बीएलएमचं पत्र आलं की अमुक क्लेमची फी आली नाही, क्लेम रद्द. दंड भरते, व्याज भरते म्हणायला जागाच नाही. १६५ डॉलरसाठी वीस एकर गेले, आणि तेही नेमके मधले. जिथे आम्ही सोनं शोधायला बोअर घेतले होते तिथले.

साहेब ओरडले नाहीत. त्यानेच जास्त लागलं. “दुसऱ्या कुणी लावायच्या आत आपण लावू,” एवढंच म्हणाले.

नोव्हेंबरात, घोट्याएवढ्या बर्फात, मी आणि आमचा सर्व्हेअर गेलो. चार कोपऱ्यांना चार खांब आणि एक नोटिशीचा. आमचे खांब लाकडी होते. पूर्वी लोक प्लॅस्टिकचे पोकळ पाइप ठोकायचे. पक्षी घरट्याची ढोली समजून आत उतरायचे, आणि गुळगुळीत नळीत पंख उघडता येईनात की तिथेच मरायचे. २०११ पासून असा खांब दिसला तर कुणीही उपटून आडवा टाकावा, अशी नेवाडाच्या कायद्यातच मुभा आहे. वाटेत आम्हाला एक दिसला. सर्व्हेअरने तो उपटून उलटा केला. आधी माती पडली, मग पिसं, मग काडीसारखी हाडं. दोघंही काही बोललो नाही.

नोटीस पाण्यापावसात टिकावी म्हणून खांबाला डबी बांधतात. जुने लोक कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी वापरायचे, आता ती मिळत नाही. मी घरून बीपीच्या गोळ्यांची रिकामी बाटली नेली होती. चिठ्ठी गुंडाळून आत घातली, झाकण दाबलं, तारेने बांधली आणि गाडीकडे निघाले.

“लेबल,” सर्व्हेअर मागून म्हणाला.

परत गेले. बाटलीवर माझं नाव, डॉक्टरांचं नाव, रोज सकाळी एक गोळी, सगळं होतं. बोटं गारठलेली, लेबल निघेना. शेवटी किल्लीने खरवडून काढलं.