प्रॉक्सीवरून मूळ फुटेजकडे जाताना बिघडलेला सिंक: माझा अनुभव

नागपुरातील हातमाग विणकरांवरच्या माझ्या माहितीपटाचे संकलन प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ चित्रीकरणावरून तयार केलेल्या हलक्या आणि कमी दर्जाच्या फाइल्सवर, पूर्ण झाले होते. लॅपटॉप जुना असल्याने ४के फुटेज थेट हाताळणे शक्य नव्हते आणि या प्रॉक्सी मी एका स्टुडिओकडून करून घेतल्या होत्या. कट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन अंतिम ठरल्यावर, प्रॉक्सीच्या जागी मूळ फाइल्स जोडल्या, तेव्हा गोळीबार चौकाजवळच्या वस्तीत राहणाऱ्या ज्या वयोवृद्ध विणकर काकाजींची मुलाखत या माहितीपटाचा कणा आहे, त्यांचे शब्द आणि ओठ एकमेकांपासून सुटलेले दिसले; म्हणजे सिंक, आवाज आणि चित्राचा मेळ, बिघडला होता. बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही चूक अक्षम्य असते, कारण आवाज ओठांशी जुळला नाही की प्रेक्षकाचा त्या माणसावरचा विश्वासच ढळतो. ज्यांनी आयुष्यभर मागावर बसून काम केले, त्यांच्या साक्षीला माझ्या फाइल्समुळे बाधा यावी हे मला मान्य नव्हते.

अशा वेळी टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप्स ओळीने मांडलेल्या पट्टीवर, क्लिप दोन-चार फ्रेम मागेपुढे सरकवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लिप सरकवल्याने दिसणारी चूक एका जागी झाकली जाते. कारण मात्र फाइलमध्येच राहते आणि पुढच्या कटवर पुन्हा डोके वर काढते. म्हणून आधी मोजमाप करायचे ठरवले. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बऱ्याचदा शंभराहून अधिक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे सर्वप्रथम तारेचा हेडफोन लावून ऐकण्याच्या साधनाची शंका मिटवली. त्यानंतर प्रत्येक क्लिप सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी तपासली. या कामी माग स्वतःच उपयोगी पडला. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे गेला की विणकर फणीने बाण्याचा धागा ठोकून घट्ट बसवतो, आणि त्या ठोक्याचा क्षण चित्रातही स्पष्ट दिसतो व आवाजाच्या आलेखातही उभ्या रेघेसारखा उमटतो. चित्रीकरणात क्लॅप, म्हणजे आवाज व चित्र जुळवण्यासाठीची टाळी, दिलेला नसला तरी असे ठोके सगळ्या फुटेजभर उपलब्ध होते.

किती फरक चालतो, याचे माप हाताशी असणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला की तो फरक जाणवू लागतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे गेला तरी लक्षात येतो. उशिरा येणारा आवाज आपण अधिक सहन करतो, कारण दूरच्या घटनेचा आवाज प्रत्यक्षातही प्रकाशामागून येतो.

मोजमापानंतर बिघाड एकच नसून वेगवेगळे आहेत हे उघड झाले. मुख्य कॅमेऱ्याच्या काही क्लिप्समध्ये चूक पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सारखीच होती. अशी स्थिर चूक दिसली की फाइलचा आरंभबिंदू तपासावा. कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये दिवसाच्या वेळेनुसार टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेळदर्शक क्रमांक, होता, तर प्रॉक्सी करताना तो गळून पडला होता आणि प्रत्येक प्रॉक्सी शून्यापासून सुरू होत होती. एफएफएमपेग या व्हिडिओ फाइल्स हाताळणाऱ्या साधनाच्या साहाय्याने, चित्र किंवा आवाज पुन्हा एन्कोड, म्हणजे नव्याने संकुचित, न करता, त्या प्रॉक्सींमध्ये मूळ टाइमकोड लिहिला आणि हा प्रश्न तेवढ्यावर सुटला.

फोनचे प्रकरण मात्र खोल होते. मुलाखतीचा दुसरा कोन फोनवर घेतला होता आणि तिथे चूक वाढत जाणारी होती: सुरुवातीला सगळे नीट, मध्यावर ओठ पुढे आणि शेवटी आवाज वाक्यच्या वाक्य मागे. वाढणाऱ्या चुकीत तिच्या वाढीचा वेग पाहावा लागतो. सेकंदाला २९.९७ आणि ३० फ्रेम या दोन दरांची गल्लत झाली असेल तर फरक हजारात एक इतका असतो, म्हणजे तासाला ३.६ सेकंद, आणि तो अगदी सरळ रेषेत वाढतो. आवाजाचा रेकॉर्डर आणि कॅमेरा यांच्या घड्याळांतील नैसर्गिक फरकही सरळ रेषेत वाढतो, पण तो फार लहान असतो. दहा लाखांत वीस भागांचा फरक तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम दोन फ्रेम, एवढाच होतो. माझ्या क्लिपमध्ये चूक काही मिनिटे झपाट्याने वाढत होती आणि काही मिनिटे जवळजवळ थांबत होती. अशी असमान वाढ बदलत्या फ्रेम दराची खूण आहे. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडल्यावर फ्रेम दराचा प्रकार ‘व्हेरिएबल’ (बदलता) असाच दाखवला गेला, आणि तशाच एफएफप्रोब या साधनाने दिलेला सरासरी दर नाममात्र दराशी जुळत नव्हता.

फोन असे का करतो, याची कारणे त्या खोलीतच होती. मागाची खोली अंधारी होती, आणि प्रकाश अपुरा पडला की अनेक फोन प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ देण्यासाठी दर आपोआप खाली आणतात. त्यात मे महिन्यातले नागपूर. संवाद स्वच्छ यावा म्हणून कूलर बंद ठेवावा लागला होता, आणि तापलेल्या फोनकडून फ्रेम गळण्याची शक्यता वाढते. प्रत्येक फ्रेम नेमकी कधी दाखवायची याची नोंद फोनने फाइलमध्ये अचूक ठेवलेली होती. स्टुडिओने प्रॉक्सी करताना ती नोंद पाळून, गरजेप्रमाणे फ्रेम दुहेरी करून, सेकंदाला ३०चा स्थिर दर तयार केला होता. म्हणून प्रॉक्सीवर सिंक निर्दोष होता. मूळ फाइल जोडल्यावर मात्र संकलनाच्या सॉफ्टवेअरने तिचा दर सरसकट ३० धरून फ्रेम मोजल्या. खऱ्या सेकंदात २९.९ फ्रेम असतील तर मिनिटाला ६ फ्रेम कमी पडतात आणि चित्र आवाजाच्या ०.२ सेकंद पुढे पळते.

यावर उपाय असा केला की फोनच्या मूळ फाइल्सपासूनच, पूर्ण ४के आकार राखून, सेकंदाला ३०च्या स्थिर दराच्या डीएनएक्सएचआर, म्हणजे संकलनासाठीच्या उच्च दर्जाच्या स्वरूपातील, फाइल्स बनवल्या आणि आवाज ४८ किलोहर्ट्झच्या पीसीएम या असंकुचित स्वरूपात ठेवला. या फाइल्स तासाला शेकडो जीबी जागा घेतात, म्हणून कटमध्ये वापरलेल्या क्लिप्सपुरतेच हे केले. मूळ फाइल्स अर्थातच जशाच्या तशा जपल्या. जोडण्यापूर्वी नवी फाइल आणि प्रॉक्सी यांची एकूण फ्रेमसंख्या ताडून पाहिली. ही संख्या जुळत नसेल तर पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण लांबी सेकंदांत सारखी दिसूनही आतल्या फ्रेम वेगळ्या असू शकतात. त्यानंतर टाइमलाइनवर प्रॉक्सीच्या वरच्या ट्रॅकवर नवी फाइल ठेवून दोन चित्रांतला फरक तेवढाच दाखवणारा ‘डिफरन्स’ ब्लेंड लावला. दोन्ही चित्रे फ्रेमशी फ्रेम जुळली की पडदा जवळजवळ काळा होतो, आणि एका फ्रेमचाही फरक असला तर हलत्या हातांच्या कडा लगेच उजळतात. फणी चालवणारे हात असल्यामुळे ही तपासणी विलक्षण स्पष्ट झाली.

मुख्य कॅमेऱ्याच्या लांब क्लिप्समध्ये आणखी एक गुंता होता. कॅमेरा दर ४ जीबीच्या आसपास फाइल तोडून नवी सुरू करत होता. कार्डावर फाइल्स साठवण्याच्या फॅट३२ पद्धतीत एका फाइलला ही मर्यादाच असते, आणि मोठ्या कार्डावर ती लागू नसली तरी काही कॅमेरे तशीच तोड करतात. स्टुडिओने तुकडे जोडून एकच प्रॉक्सी केली होती, त्यामुळे एका प्रॉक्सीसमोर अनेक मूळ फाइल्स उभ्या होत्या. ते तुकडे पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात, परंतु आवाज एएसी या संकुचित स्वरूपात असेल तर सांध्यांकडे लक्ष द्यावे लागते. एएसीचा एक गठ्ठा आवाजाच्या १०२४ नमुन्यांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर सुमारे २१.३ मिलिसेकंदांचा असतो. ४० मिलिसेकंदांच्या फ्रेमशी तो नेमका बसत नाही आणि प्रत्येक सांध्यावर थोडा फरक साचू शकतो. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज पीसीएम होता, त्यामुळे सांधे स्वच्छ निघाले.

सॉफ्टवेअरला प्रॉक्सीच्या आवाजाचे चॅनल मूळ फाइलइतकेच हवे असतात, हेही वाटेत निस्तरावे लागले. ज्या दोन-तीन शॉट्सचा वेग संथ केला होता, तिथे वेगाचा हिशेब जुन्या फ्रेमांवर बांधलेला असल्यामुळे तो परिणाम काढून नव्या फाइलवर पुन्हा द्यावा लागला. हे काम हातानेच केले, आणि तसेच करणे योग्य होते.

ध्वनिसंकलकाकडे फाइल देताना चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा टोन ठेवला आणि तसाच एक टोन शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी ठेवला, म्हणजे त्यांच्या यंत्रणेत दोन्ही टोके जुळतात की नाही हे त्यांना काम सुरू करण्यापूर्वीच पाहता येईल. सोबतच्या कागदावर प्रत्येक स्रोताचा खरा फ्रेम दर, आवाजाचा दर आणि कोणत्या क्लिप्स स्थिर दरात बदलल्या आहेत, हे लिहून दिले.