दोन टिंबांनी माझं अर्धं सेमिस्टर खाल्लं

हायस्कूलला मी जर्मन ऑनलाईन घेतली होती. शिकवणारे सर स्क्रीनवर, आणि आमच्या वर्गात मदतीला एक मॅडम, ज्यांना जर्मनचा ज सुद्धा येत नव्हता. हजेरी घ्यायची, हेडफोन वाटायचे आणि "अरे मोठ्याने बोला की, लाजताय काय" म्हणायचं, हे त्यांचं काम. नाव नोंदवणं, लॉगिन वगैरे पटापट झालं.

अडलं ते टायपिंगला. जर्मनमध्ये ए, ओ, यू वर कधीकधी दोन टिंबं येतात, उमलाउट म्हणतात त्याला. ती शोभेची नाहीत हो! 'शोन' म्हणजे एव्हाना, आणि त्यातल्या ओ वर टिंबं दिली की झालं सुंदर. आपल्याकडे ओळ लिहायचं तिथे ओल लिहिलं तर कसं होईल, तसंच. आणि आठवड्याची टेस्ट तपासायचं मशीन. टिंब नाही तर मार्क नाही, विषय संपला. मला सगळं येत होतं आणि तरी दर आठवड्याला निम्मे मार्क, इतका संताप यायचा की काय सांगू.

टिंबांऐवजी पुढे ई लिहायची पद्धत जर्मन लोक स्वतः वापरतात, पण मशीनला ती मान्य नाही. मग कुठेतरी वाचलं की आल्ट दाबून ०२५२ मारलं की टिंबवाला यू येतो. येतो, पण उजवीकडचं आकड्यांचं वेगळं कीपॅड असेल तर, आणि शाळेच्या लॅपटॉपला ते नव्हतंच. दुसरीकडून कॉपी पेस्ट करावं तर टेस्ट चालू असताना दुसरी विंडो उघडत नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जर्मन कीबोर्ड टाकायला गेलो तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, तो फक्त कॉम्प्युटर विभागाकडे. तिथे गेलो तर "तुमच्या कोर्सवाल्यांना सांगा". कोर्सवाल्यांना मेल केला तर चार दिवसांनी उत्तर, "तुमच्या शाळेला सांगा". असं तीनदा झालं, आणि दरम्यान टेस्ट काही थांबत नाहीत.

शेवटी कामाला आल्या त्या जर्मन न येणाऱ्या मॅडमच. माझी तीन उत्तरं स्क्रीनशॉट काढून घेतली, स्वतः त्या विभागात जाऊन बसल्या आणि कीबोर्ड टाकून घेऊनच उठल्या. त्यामुळे वर्गात कुणीतरी माणूस असलेलाच कोर्स घ्या, भाषा येत नसली तरी चालेल, भांडता आलं पाहिजे. स्क्रीनवरच्या सरांनी मग माझ्या जुन्या टेस्ट हाताने तपासल्या. सगळे नाही, पण बरेच मार्क परत आले.

बोलायचा सराव मात्र वर्गातच झाला, शेजारच्याबरोबर रोज दहा मिनिटं, चुकलं तर दोघंही हसायचो. आणि शब्द पाठ करताना डेर, डी, दास (नामाआधी येऊन त्याचं लिंग सांगणारे शब्द) लावूनच करा. तीन लिंगं आहेत म्हटल्यावर मी खूश होतो, मराठीत तो, ती, ते आहेच की! पण तिकडे सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, त्यामुळे मराठीच्या भरवशावर राहू नका.

हां, कोर्स घ्यायच्या आधी विचारून घ्या, उत्तरं माणूस तपासतो की मशीन. आणि कीबोर्ड पहिल्याच दिवशी टाकून घ्या, जमलं तर 'यूएस इंटरनॅशनल' घ्या, त्यात डबल अवतरणचिन्ह मारून यू दाबलं की झालं काम. जर्मन कीबोर्डात वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पासवर्डात झेड होता. कीबोर्ड मिळाला त्याच दिवशी तीनदा चुकीचा पासवर्ड टाकून अकाउंट लॉक, आणि ते उघडून घ्यायला परत त्याच कॉम्प्युटर विभागात.