तू जिन्यावर डबा खाते ना?

एवढंच म्हणाली ती बारावीची ताई. बाकी सगळं चांगलंच होतं, म्हणजे तिची अकरावीची फिजिक्सची जर्नल दिली, सोबत एक वही दिली, परत नको देऊ म्हणाली, आणि मग जाता जाता हे. मी हो म्हटलं की नुसती मान हलवली तेही आठवत नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. मेट्रोत तेच, घरी येऊन डबा घासताना तेच.

मला वाटत होतं कोणाचं लक्षच नसतं. मागचा जिना आहे तो, बॉटनी लॅबच्या बाजूचा, मी भिंतीकडे तोंड करून बसते आणि मोबाईल हातात धरते म्हणजे कोणी आलंच तर त्याला वाटावं की ही कोणाची तरी वाट पाहून राहिली. इतकी सगळी व्यवस्था करून मी एकटी बसते आणि ही म्हणते, खाते ना? विचारलं पण नाही नीट, सांगितलंच सरळ.

अ‍ॅडमिशनच्या वेळी मीच सगळ्यांना सांगत होते की नवीन कॉलेज, नवीन लोक, मजा येईल. फॉर्ममध्ये पसंतीने 10 कॉलेजं भरली होती, तिसरं लागलं. माझी मैत्रीण पल्लू, तिला पहिलंच लागलं आणि पहिलं लागलं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, तशी तिला कॉमर्सच हवं होतं म्हणा. तिचं मस्त चाललंय. स्टेटस दिसतात. जाऊ दे.

इथं हजेरीत 80 नावं आहेत आणि बाकांवर वीस-पंचवीस डोकी. बाकीचे सगळे जेईई-नीटच्या क्लासला, सकाळपासून तिकडेच असतात, 75 टक्के हजेरीचा नियम आहे पण तो बहुतेक आमच्याचसाठी आहे. ते फक्त प्रॅक्टिकलला येतात, घोळक्याने, हसत खिदळत, कारण दिवसभर सोबतच असतात ना तिकडे. म्हणजे जे कॉलेजला येत नाहीत त्यांची कॉलेजात ओळख आहे आणि आम्ही जे रोज येतो ते एकमेकांत एक एक बाक सोडून बसतो. क्लासचं मी बाबांना विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय.

आणि बोलायचं तर हिंदीत. मराठी घरची पोरंसुद्धा कॉलेजात पाय ठेवला की हिंदी, हे नागपूरचं जुनंच आहे, शाळेत आम्ही पण बोलायचो की, पण ओळखीच्या लोकांत. इथं माझं पहिलं वाक्य डोक्यात तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. सर इंग्लिशमध्ये, पोरं हिंदीत, आणि मी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, मधल्या मधे.

त्या दिवशी प्रॅक्टिकलला व्हर्निअर कॅलिपर होतं, बारीक मापं घ्यायचं. लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.01 सेंटीमीटर हे मला पाठ होतं, विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं, पण तो सिलेंडर धरल्यावर वरची कोणती रेघ खालच्या कोणत्या रेघेला जुळते ते काही केल्या दिसेना. पार्टनरने (रोल नंबरने मिळालेली, क्लासवाली) माझ्याकडे न बघता रीडिंग लिहून टाकली. सरांना विचारायला हात वर केला आणि केस सारखे केले. असं कोणी करतं का! तेव्हा ही बारावीची ताई कशाला तरी लॅबमध्ये आली होती, माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, आधी जबडे पूर्ण मिटव, शून्यावर शून्य येतं का बघ. नाही ना येत? उजवीकडे सरकलंय, हा झिरो एरर. मग तेवढं प्रत्येक रीडिंगमधून वजा कर. दोन मिनिटं. मराठीत. मला त्याच वेळी रडायला आलं होतं पण लॅबमध्ये कुठे रडणार.

आणि आज जर्नल.

आता मला कळत नाही की हे तिने का दिलं. वर्गात इतकी पोरं आहेत. मलाच का? बिचारी दिसते का मी? म्हणजे लांबून पाहूनच कळतं का? आई म्हणते, कोणी चांगलं वागलं तर काहून डोकं खाते स्वतःचं. पण आईला जिन्याचं माहीत नाही. आई रोज विचारते डबा खाल्ला का, कोणासोबत ते विचारत नाही, बरं आहे.

मला आधी वाटलं की ती पण कधीतरी तिथेच एकटी बसत असेल, पिक्चरमध्ये असतं तसं, म्हणून तिला कळलं. छे. आज कॅन्टीनसमोर पाहिलं, सात-आठ जणींत उभी होती आणि सगळ्यात जास्त तीच बोलून राहिली होती. मग म्हटलं हिला दिसलं कसं, म्हणून मुद्दाम जिना चढून वर गेले. वर मुलींचं वॉशरूम आहे. बस्स, एवढंच. म्हणजे बारावीच्या अख्ख्या मुली रोज माझ्या डोक्यावरून ये-जा करून राहिल्या आणि मी खाली भिंतीकडे तोंड करून मोबाईल धरून बसलेली, भेंडीच्या डब्यासकट. फोनला तर रेंज पण नसते तिथं. एकटीच हसले मग, जिन्यातच.

आज पोळा झाला, उद्या मारबत, सुट्टी. बाबा सकाळीच महालात नेतो म्हणाले, काळी-पिवळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला. काळी मारबत 1881 पासून निघते, दरवर्षी बाबा हे पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगतात. लोक महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे म्हणजे पुतळे काढतात, मी म्हटलं यंदा एक झिरो एररचा पण काढा, घेऊन जा गे मारबत. बाबांना कळलं नाही पण हसले.

जर्नल उघडून बसले होते. वाटलं होतं रीडिंग तरी उतरवता येतील पण हिचा सिलेंडर वेगळा होता, एकही आकडा जुळत नाही. म्हणजे परवा पुन्हा मोजणं आलं. तिला विचारता येईल तसं, आता काय, तिने सगळं पाहिलेलंच आहे.

आई परवाच्या डब्यात सांबारवडी देते म्हणे, कोथिंबिरीची, त्या पोरीलाही ने. किती न्यायच्या? दोन नेल्या तर कंजूष दिसतं आणि डबा भरून नेल्या तर जर्नलची किंमत चुकवून राहिल्यासारखं. चार नेते. आणि नाव विचारायचं आहे, जर्नलच्या स्टिकरवर नुसता रोल नंबर आहे.