लाकडी लॉइड वॅगन इतक्या कमी का उरल्या?

जुन्या जर्मन गाड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: लॉइड 300 ही छोटी गाडी अधूनमधून बघायला मिळते, मग तिची स्टेशन वॅगन, एलएस 300, का दिसत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बॉडी लाकडाची होती, हे मुख्य कारण. युद्धानंतर पोलादाची टंचाई, पत्रा दाबायचे प्रेस महाग. म्हणून जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात बोर्गवार्ड या मोटार कंपनीने 1950 साली लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवुड आणि वरून रेक्झिन अशी गाडी काढली. 293 सीसीचं दोन सिलिंडरी टू-स्ट्रोक इंजिन, 10 हॉर्सपॉवर, ताशी 75 किलोमीटर. साध्या गाडीची डिकी बाहेरून उघडतच नसे. सामान सीटमागे आतूनच कोंबायचं. वॅगनला मागे दार मिळालं, ही मोठी सोय. पण जानेवारी 1953 मध्ये 300 च्या जागी 400 आली आणि पुढे लाकूड जाऊन टप्प्याटप्प्याने पत्रा आला.

अशी वॅगन सापडलीच, तर या मागच्या दाराची खालची कड आधी तपासा. चाकांनी उडवलेलं पाणी तिथे साठतं. रेक्झिनला बारीकशी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट नसते. प्लायचे थर सुटतात आणि वरून गाडी ठणठणीत दिसते. जर्मनीत हिला चिकटपट्टीवाली गाडी म्हणत, जखमेवर लावतात त्या पट्टीवरून. पट्टीने चीर झाकली जाते, आतली ओल तशीच राहते. बोथट स्क्रूड्रायव्हरने दाराची कड, उंबरठा आणि छताची पन्हळ दाबून बघा. बोट रुतावं तसं रुतलं, तर रेक्झिन सोलावंच लागेल.

नवीन प्लाय मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या. गोलाईला एक जाड तुकडा वाकवू नका, चिरतो. 3 मिलिमीटरचे थर साच्यावर एकेक चिकटवा. कापलेल्या कडा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) बंद केल्याशिवाय रेक्झिन चढवू नका. स्क्रू पितळेचे, लोखंडी गंजले की भोवतालचं लाकूडही कुजवतात.

यंत्रभाग सोपा आहे. जुनी टू-स्ट्रोक चेतक किंवा लॅम्ब्रेटा स्कूटर हाताळलेल्याला ओळखीचाच वाटेल: 10 लिटर पेट्रोलला 400 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. ब्रेक केबलचे आहेत; चारही सारखे ताणलेले नसतील तर गाडी एका बाजूला खेचते. पेट्रोल टाकीतून आपसूक उतरतं, म्हणून गाडी उभी करताना कॉक बंद करा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई झिजली असेल तर रात्रभरात क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, पेट्रोलने भरतो.