ओल्या पिशव्या, कोरड्या पुड्या

अरबी समुद्राच्या तळाचा गाळ जळगावच्या मे महिन्यात धुवायचा, तर आधी पाण्याची सोय बघावी लागते. नळ रोज येत नाही, म्हणून विभागात ड्रम भरून ठेवतो. डिस्टिल्ड वॉटर का वापरत नाही, असं बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात. ते किंचित आम्लधर्मी असतं आणि कॅल्साइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची, पातळ कवचं त्यात झिजतात, हे मला दरवेळी नव्याने सांगावं लागतं. आमचं बोअरचं जड पाणी माणसांना नकोसं वाटतं, पण फोरामना मानवतं.

फोराम, म्हणजे फोरामिनिफेरा, हे एकपेशीय जीव. पाण्यात तरंगत जगणाऱ्या त्यांच्या जाती आज पन्नासच्या आसपास आहेत. जीव मेला की बारीक वाळूच्या कणाएवढं कवच तळाशी जातं आणि गाळात पुरलं जातं. कुठल्या थरात कोणती कवचं किती, यावरून त्या काळचा समुद्र कसा होता ते आम्ही सांगतो.

बाहेरच्याला वाटतं, हे सगळं मायक्रोस्कोपखाली घडतं. खरं काम चाळणीवर असतं. गाळ भिजवायचा, 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा, बोटाने कधीच चोळायचा नाही. मग सुकवून 150 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचा आणि वर राहिलेल्यातली तीनशेक कवचं मोजायची. एक सॅम्पल झालं की चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची. आधीच्या सॅम्पलचं एखादं कवच जाळीत अडकलेलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या ट्रेमध्ये लगेच ओळखू येतं. ही पायरी वेळखाऊ म्हणून गाळणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचे तक्ते मी वापरत नाही. काळ्या ट्रेमधून एकेक कवच ओल्या ब्रशच्या टोकावर उचलून स्लाइडच्या चौकटीत ठेवायला हात स्थिर लागतो. यंदाच्या माझ्या विद्यार्थिनीचा हात असा आहे की मी तिच्याकडे बघत राहते. चोपडा तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही.

तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला आम्ही एक जुना कोअर, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दांडा, घेतला होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उतारावरचा, जिथे पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो त्या खोलीतला. सॅम्पल बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका संस्थेतून आमच्याकडे आली आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत कपाटात पडून राहिली. काही कागदी पुड्यांत, सुकवलेली. बरीचशी पॉलिथिनच्या पिशव्यांत, ओली. त्यांतल्या काहींवर त्याच संस्थेत पूर्वी एकाने काम करून पेपरही छापला होता.

तिचा आलेख तयार झाला तेव्हा विभागात उत्साह पसरला. कोअरच्या मधल्या पट्ट्यात ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर ही फोरामची जात जवळजवळ नाहीशी होत होती, ग्लोबिजेरिना बुलॉइडिसही घटत होती. उरल्या होत्या मेनार्डी, ड्युटरट्राय, पुलेनियाटिना. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे निदान केलं: मान्सूनमधला मोठा बदल, परिषदेला पाठवा. ते हुशार आहेत, पण आलेखात खड्डा दिसला की कारण हवामानातच शोधायचं, ही आमच्या सगळ्या क्षेत्राला लागलेली सवय आहे.

मला त्या तीन नावांनी अस्वस्थ केलं. या जाड कवचाच्या जाती. आम्लाने कवचं खाल्ली तर शेवटपर्यंत टिकतात त्याच. रूबर सगळ्यात आधी जाते.

त्याच दुपारी प्रयोगशाळेतले नाना ट्रे पुसायला घेत होते. ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, हाई काय शे? चमकी राह्यनं." कवचांच्या तुकड्यांमध्ये काचेसारख्या बारीक सुया होत्या. विद्यार्थिनीने त्या आधी पाहिल्या होत्या, पण मोजायच्या यादीत नव्हत्या म्हणून बाजूला सारल्या होत्या. तिचा दोष नाही. आपण मुलांना कवचं मोजायला शिकवतो, उरलेला कचरा वाचायला शिकवत नाही.

त्या सुया जिप्समच्या होत्या. ऑक्सिजन नसलेल्या तळाच्या गाळात पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, बारीक कण असतात. समुद्राखाली ते निवांत असतात. गाळ वर काढून ओलाच पिशवीत ठेवला, हवा लागली, की पायराइटचं ऑक्सिडेशन होऊन गंधकाम्ल तयार होतं. ते कॅल्साइट खातं आणि त्यातून जिप्सम बनतं. पत्र्याखालच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत ही क्रिया कशी चालली असेल, ते सांगायला नको.

आम्ही नोंदवही काढून बसलो. रूबर गायब असलेली जवळपास सगळी सॅम्पल पिशव्यांतली. भरपूर असलेली पुड्यांतली. पण तेवढ्याने सिद्ध होत नव्हतं, कारण मधला पट्टा बहुतेक पिशव्यांतच होता. मग विद्यार्थिनीलाच आठवलं की कोअरमधल्या दोन पातळ्या अशा आहेत, ज्यांचं सॅम्पल दोन्ही प्रकारे ठेवलंय. त्या दोन पुड्या संध्याकाळी धुतल्या. ड्रममधलं त्या दिवसाचं पाणी त्यातच संपलं.

ओव्हनमधून काढून ती मायक्रोस्कोपला बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून मला जागा दिली. दोन्ही पुड्यांमध्ये रूबर होती, गुलाबी छटेशिवायची, हिंदी महासागरात असते तशी पांढरी. इतकंच नाही, टेरोपॉडची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक गोगलगायींची, नाजूक शंखंही होती. ती अरॅगोनाइटची, चुन्याच्याच दुसऱ्या खनिजाची असतात, कॅल्साइटच्याही आधी विरघळतात. त्याच पातळीच्या पिशवीत टेरोपॉडचा तुकडासुद्धा नव्हता. या दोन पातळ्यांवर तरी समुद्र रिकामा झालाच नव्हता.

मी इतके दिवस ज्यात अडकले आहे ते यापुढचं आहे. पिशव्यांतल्या सॅम्पलवर बेतलेल्या त्या जुन्या पेपरच्या तक्त्यात रूबरसमोर शून्य छापलंय. तक्ते संकलनांत जातात. 2021 साली आलेल्या ट्रायटन या संकलनात फक्त प्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या, फोरामांच्याच पाच लाखांहून अधिक नोंदी आहेत. आमचा तक्ता त्यात आहे असं मी म्हणत नाही. पण लोक धीर देतात, इतक्या नोंदींमध्ये चुका एकमेकींना खोडून काढतात. ज्या चुका दोन्ही बाजूंना होतात त्या खोडल्या जातात. इथे सगळ्या एकाच बाजूला आहेत. खोल समुद्राचं पाणी पातळ कवचं आधी विरघळवतं, आणि चार-पाच किलोमीटरखाली तर सगळीच. कपाटातलं आम्लही पातळच आधी खातं. 150 मायक्रॉनची चाळणी लहान कवचं सोडून देते. नाजूक जीव प्रत्येक टप्प्यावर गळत जातो आणि शेवटी आपण लिहितो की जाड कवचाचे जीव फार होते.

आणि कोअर काढायला समुद्रतळाला छिद्रं कुठे पाडली, तोही प्रश्न. 1968 मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने खोल समुद्रात ड्रिलिंग सुरू केल्यापासून आजवर जे कोअर आले, त्यांत अलीकडच्या काळाचे थर जास्त आहेत. अठरा कोटी वर्षांपेक्षा जुना तळ महासागरांत जवळपास उरलेलाच नाही. 2009 मध्ये राबोस्की आणि सोरहॅनस यांनी डायाटम या एकपेशीय शैवालांबद्दल दाखवलं की त्यांच्या जाती आजपर्यंत वाढत आल्याचं दिसतं, त्यात सॅम्पलच्या वाढत्या संख्येचा मोठा वाटा आहे. त्यावर पुढे मतभेद झाले, व्हायलाच हवेत. विद्यार्थिनीने हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मार्केट यार्डातला व्यापारी वरच्या दोन पोत्यांत सळई खुपसतो आणि अख्ख्या ट्रॉलीचा भाव करतो, तसंच ना.

जळगावात बसून समुद्राचं काय करता, असं विचारणाऱ्यांना मी झिलमिलीचं उदाहरण देते. छिंदवाडा जिल्ह्यात, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, प्लवक फोराम सापडल्याचं 2009 मध्ये केलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले. समुद्राचं पाणी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून आत आलं असावं, असा त्यांचा तर्क. त्या काळातले फोराम इतके लहान आहेत की 150ची चाळणी वापरली तर ट्रे रिकामाच दिसेल. आपल्या खानदेशात असे थर असतील का, मला सांगता येत नाही. तापीचा गाळ यावल-रावेरकडे शेकडो मीटर खोल आहे आणि खाली लाव्हा. त्या नजरेने तिथलं फारसं कोणी धुवून पाहिलेलं नाही. बोअरच्या गाडीजवळचा ढीग चालणार नाही, वरची माती भोकात ढासळून खालच्यात मिसळते.

ज्येष्ठ सहकाऱ्यांना दोन्ही स्लाइड दाखवल्या. त्यांनी शांतपणे पाहिल्या, मान्य केलं, आणि म्हणाले, "पेपर झालाय, आता कशाला उकरायचं?" मला त्याचं वाईट वाटलं. पेपर त्यांचा नव्हता, तरीही.

त्या नियतकालिकाला आम्ही दोघींनी फोटोंसह पत्र पाठवलंय. प्रबंधाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दोन पातळ्यांचा निकाल लागला. पट्ट्यातल्या बाकीच्या पिशव्यांना जोडीची पुडी नाही. त्यातली काही कवचं कपाटात नव्हे तर समुद्राच्या तळावरच गेली असतील, कारण सेंद्रिय पदार्थ कुजताना तिथेही आम्ल तयार होतं. दोन्ही झिजा एकमेकींत मिसळल्यात आणि आता वेगळ्या करता येत नाहीत. तिचं म्हणणं, त्या ओळी तक्त्यातून काढूनच टाकाव्यात. माझं म्हणणं, जाड जातींचे आकडे, तुकड्यांचं प्रमाण आणि जिप्समची नोंद ठेवावी, आणि रूबरच्या रकान्यात शून्याऐवजी "ठरवता येत नाही" असं लिहावं. ती म्हणते, संगणक ते शून्यच वाचेल. तिचं चूक नाही. प्रबंध जूनअखेर द्यायचा आहे आणि ते पान आम्ही अजून छापायला दिलेलं नाही.